देवळीत अडकलेलं पार्सल

माझा मोबाईल नंबर त्या साइटवर कोणी टाकला हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे भैय्याजींनाही माहीत आहे. आमच्या समाजाच्या परिचय मेळाव्याची नोंदणी या वर्षी पहिल्यांदाच ऑनलाइन होणार होती. भैय्याजी मंडळाचे अध्यक्ष. पुलगावात त्यांचं खताबियाण्यांचं दुकान आहे. साइट मी करायची आणि लोकांचे फोन त्यांनी घ्यायचे, असं त्यांच्याच दुकानात त्यांच्याच चहावर ठरलं होतं. साइट सुरू झाली त्या सकाळी पाहते तर प्रत्येक पानाच्या तळाशी 'अडचण आल्यास संपर्क : रक्षाताई' आणि पुढे माझा नंबर. तळाचा मजकूर त्यांना बदलता यावा अशी सोय मीच करून दिली होती. जाब विचारला तर म्हणाले, "अवो पोरी, मले त्यातलं काय समजते? तूच सांगजो ना लोकाईले."

मग लोकांनी माझं डोकं खायला सुरुवात केली. आमच्यात ज्याचं लग्न व्हायचं असतं तो सोडून बाकी सगळे फॉर्म भरतात. मुलाचा मामा, मुलीचा काका, मोठे जावई. मुलगा तिकडे पुण्यात एसीत बसलेला, आणि इकडे मामा शेतातून मला फोन लावतोय, की पुढं जात नाई. मी विचारायची, कुठल्या पानावर आहात? उत्तर यायचं, मोबाईलवर हाओ. बरं, समोर काय दिसतंय? समोर सोयाबीन वाळू घातलं हाय. एकाने तर सगळा फॉर्म तोंडी सांगून संपवला आणि मग म्हणाला, आता तुम्ही तिकडून भरून घेजा.

हे सगळं मी सहन केलं असतं आणि विसरलेही असते. पण त्या फोनांमध्ये समुद्रपूरच्या एका बाईचा फोन होता. शनिवारी संध्याकाळी पाचला नोंदणी बंद होणार होती आणि लगेच नावं मेळाव्याच्या पुस्तिकेत छापायला जाणार होती. तिला त्या पुस्तिकेत जायचं होतं. मेळावा वर्षातून एकदा होतो, आणि चाळिशीला टेकलेल्या बाईला पुढचं वर्ष म्हणजे फार लांबचं असतं. हे मला बऱ्याच उशिरा समजलं, कारण त्या वेळी मी नाचणगावच्या माझ्या खोलीत बसून एका वेगळ्याच गोष्टीवर भांडत होते.

साइट लारावेलमध्ये आहे. हे पीएचपीचं फ्रेमवर्क. त्यात प्रत्येक पानाच्या पत्त्याला, म्हणजे रूटला, साइट करणारा घरातलं एक नाव देऊ शकतो; शाळेत काहीही असो, घरी सगळे बंटी म्हणतात तसं. आणि माणूस आत्ता ज्या पानावर आहे त्या रूटचं नाव काय, हे विचारायला एक ओळ पुरते. मी ठरवलं, ते नाव प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापायचं. माणसाने फोनवर ते वाचून दाखवायचं, मी उत्तर द्यायचं, विषय संपला.

ओळ लिहिली. उत्तर आलं, काही नाही. म्हणजे खरोखरच काही नाही, रिकामी जागा. साइटचा पाया माझ्याआधी हे काम घेतलेल्या अश्विनने घातला होता आणि घालून तो पुण्याला निघून गेला होता. त्याने निम्म्या रूटांना नावंच दिली नव्हती. बिननावाच्या रूटला नाव विचारलं तर फ्रेमवर्क भांडत नाही, चूक दाखवत नाही, नुसतं गप्प बसतं. मला गप्प बसणाऱ्यांचा मनस्वी राग येतो. अश्विनला फोन केला, तर तो म्हणाला, चालत होतं ना? मग नाव कशाला पाहिजे?

बसले एकेकाचं बारसं करत. सगळी नावं दिली, तरी एक भूत उरलंच. माणूस पान भरून 'पुढे' दाबतो, काहीतरी चुकलेलं असतं, तेच पान लाल अक्षरं घेऊन परत येतं, आणि नेमकं तेव्हाच वरचं नाव गायब. अर्धा दिवस मी स्वतःला शिव्या देत होते. मग सापडलं. दिसायला पान तेच, पण आता ते वेगळ्या रूटने आलेलं असतं, कारण भरलेली माहिती पाठवायचा रूट निराळा असतो. आणि त्यालाही अश्विनसाहेबांनी नाव ठेवलेलं नव्हतं. म्हणजे माणूस अडकला की नाव जायचं. आणि नाव तर मला अडकलेल्या माणसासाठीच हवं होतं!

तेही केलं. मग हिंगणघाटचे एक जावई फोनवर 'एन, ओ, एन, डी' असं एकेक अक्षर वाचायला लागले, कारण नावं इंग्रजीत होती, आणि मधल्या टिंबाला ते टिकली म्हणायला लागले. तेव्हा मी आणखी एक तक्ता केला. आतलं नाव आत राहू दे, बाहेर त्याच्यासमोरचं मराठी नाव दिसू दे. 'वधू – शिक्षण'. 'वर – अपेक्षा'. 'पुनर्विवाह – संमती'. वाचलं की कळलं. मामालोक लगेच सुधारले. मी वर-अपेक्षावर हाओ, असं म्हणायला लागले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं आणि दोन दिवस मी घरात कोणावर ओरडले नाही.

सुधारली नाही ती समुद्रपूरची बाई. तिचा फोन रोज दुपारी यायचा. आवाज हळू, मागे दुकानातला गलका, कोणीतरी अर्धा मीटर अस्तर मागतंय, कोणी मापावरून वाद घालतंय. ती म्हणायची, ताई, ते बंद पडलं, परत सुरू करून देता का? मी म्हणायची, कुठलं पान? ती म्हणायची, तेच. कालचंच. वर नाव लिहिलंय ते वाचा, असं मी म्हटलं की पलीकडे शांत. नुसता पंखा ऐकू यायचा. मग फोन बंद.

एकदा ती म्हणाली, ते मोठ्यानं नाई वाचता येत, ताई. मी म्हटलं, असं होय. चष्म्याची गोष्ट आहे, आधी नाही का सांगायचं! मी लगेच पानावरची ती अक्षरं दुप्पट केली, वर लाल रंग दिला, आणि आंधळ्यालाही दिसेल असं म्हणून हात झटकले.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा ती अगदी कुजबुजत बोलत होती. "ते मोठं काऊन केलं, ताई? इथं काउंटरवर मोबाईल असतो. कोणीबी पाहते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला म्हटलं की वाचता येत नाही म्हणूनच मोठं केलं ना, आता मोठं का केलं म्हणता, तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय. मागून एका म्हाताऱ्या माणसाने विचारलं, कोणाचा फोन हाय? आणि ती एकदम वेगळ्याच, मोकळ्या आवाजात म्हणाली, "पार्सलवाले हायेत, बाबूजी. आपलं पार्सल मधातच अटकलं म्हणते." मी म्हटलं, बाई, मी पार्सलवाली नाही, राँग नंबर, आणि ठेवून दिला.

ठेवल्यावर एक घोट चहा प्यायले. मग तो नंबर पुन्हा पाहिला. तो तिचाच होता, आणि पार्सलवाली मीच होते. तरी मला लगेच काही कळलं असं म्हणत नाही. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलेलं दिसतंय.

दोन दिवसांनी सकाळी तिने स्वतःहून फोन केला आणि न थांबता बोलली. तिचे सासरे तहसीलीत गेले होते, गिऱ्हाईक नव्हतं, तेवढ्या वेळात तिला सगळं सांगायचं होतं. नाव भावना. समुद्रपुरात सासऱ्यांचं, हेमराजजींचं, कापडाचं दुकान. नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत. सासू दोन वर्षांमागे गेल्या. मुलगी नागपूरला शिकायला गेली आणि स्वतःचा मोबाईल भावनाने तिला देऊन टाकला, म्हणून फॉर्म दुकानाच्या मोबाईलवर भरावा लागतो. त्यावर मेसेज करू नका, तो सगळेच पाहतात. घरात आता ती आणि बाबूजी दोघंच. मुलगीच मागे लागली होती की आई, तू मेळाव्यात नाव दे. तिने सगळं भरलं होतं. अडकली होती ती एकाच पानावर, ज्याच्या डोक्यावर मी लाल अक्षरांत 'पुनर्विवाह – संमती' असं लिहून ठेवलं होतं.

त्या पानावर घरातल्या जबाबदार व्यक्तीचा नंबर टाकायचा होता. त्या व्यक्तीच्या मोबाईलवर कोड जातो, तो इथे भरायचा, की पुढचं पान उघडतं. दहा मिनिटांत नाही भरला तर कोड बाद. तीन कोड बाद झाले की पान कुलूप लावून बसतं आणि ते मला उघडून द्यावं लागतं. भावनाने बाबूजींचा नंबर टाकला होता. मी विचारलं, मग त्यांना कोड का नाही विचारत?

"कसं विचारू, ताई? त्यायच्या मुलाचं कुंकू पुसलं माह्या कपाळावरचं. आता त्यायलेच म्हणू का, की मले लग्न करायचं हाय? तो शब्दच तोंडातून निघत नाई."

म्हणून ती रोज दुपारी बटण दाबायची. गल्ल्याशी बसलेल्या बाबूजींच्या खिशातला मोबाईल वाजायचा. मेसेजमध्ये तिचं नाव आणि सगळं लिहिलेलं होतं. तिला वाटायचं, मेसेजच विचारेल, आपल्याला विचारावं लागणार नाही. बाबूजी मोबाईल काढायचे, डोळ्यांपासून लांब धरून पाहायचे, परत खिशात टाकायचे आणि कापड मोजायला लागायचे. मी म्हटलं, वाचत नसतील. ती म्हणाली, पैशे जमा झाल्याचा मेसेज तर बरोबर वाचते. मग म्हणाली, वाचून गप्प बसत असतील तर उत्तर समजलंच ना.

मी तिला रोज झापत होते आणि ती रोज परत फोन करत होती, या गोष्टीची मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच पुन्हा चिडले. म्हटलं, आधी सांगायचं होतं. ती म्हणाली, कोणासमोर?

साइटच्या प्रोग्राममध्ये अश्विनने ही संमतीची अट जिथे लिहिली होती ती जागा मी उघडली. अट फक्त बायकांना होती. पुनर्विवाहवाल्या पुरुषाला कोणाचीच संमती लागत नव्हती. गाडी काढली आणि तडक पुलगावला भैय्याजींच्या दुकानात गेले. विचारलं, हे काय आहे? त्यांनी शांतपणे सांगितलं की पुरुषाले कोण विचारते, आणि मागच्या वर्षी एका घरची सून न विचारता पुस्तिकेत छापली गेली तर तिचे दोन दीर दुकानात येऊन युरियाच्या पोत्यांवर बसून राहिले होते, उठायलाच तयार नव्हते. मी म्हटलं, मी ती अट काढून टाकते, एका ओळीचं काम आहे. ते म्हणाले, काढ, मग पुढची साइट दुसरा कोणी करेल, अश्विन येतोच म्हणून राह्यला. अश्विनचं नाव ऐकलं आणि माझं पित्त खवळलं. तरी मला त्यांच्या तोंडावर अट काढण्याची हिंमत झाली असती की नाही, सांगता येत नाही.

भावनाला म्हटलं, माझा नंबर टाका, नातं बहीण म्हणून लिहा, कोड मी सांगते. ती नाही म्हणाली. ज्या माणसाच्या घरात राहतो त्याच्या पाठीमागून भरायचं नाही, नाहीतर राहू दे. आता या बाईचं काय करावं? विचारता येत नाही, आणि न विचारता करायचंही नाही. मी कपाळाला हात लावला. पण माझ्या हातात एक गोष्ट होती. ते नाव बदलणं माझ्या हातात होतं.

निदान फोनवर तिला बोलता आलं पाहिजे, कुलूप पडलं तर सांगता आलं पाहिजे, काउंटरवर मोबाईल पडला असताना कोणी डोकावलं तर काही कळता कामा नये. पार्सलची युक्ती तिचीच होती. मी फक्त तिला गावं पुरवली. नाचणगावला येताना मी वर्ध्याहून ज्या बसने येते तिचेच थांबे घेतले. पहिलं पान वर्धा, दुसरं सालोड, संमतीचं देवळी, अपेक्षांचं नाचणगाव आणि शेवटचं, फोटोचं, पुलगाव. रूटची आतली नावं होती तशीच ठेवली, कारण ती बदलली असती तर साइटवरचा एकेक दुवा तुटला असता. फक्त बाहेरचा तक्ता बदलला. आत्ताच्या रूटचं नाव विचारायचं, तक्त्यात त्याचं गाव पाहायचं आणि वर लहान, काळ्या अक्षरांत छापायचं. ज्याला नावच नाही त्याच्यापुढे रिकामं.

पहिला फोन अर्थातच भैय्याजींचा. मेळावा वर्धेले हाय, लोकं वर्धेले येऊन राह्यले, अन तू त्याईले पुलगावले काऊन धाडून राह्यली? मी म्हटलं, शेवटचा थांबा तुमचं गाव ठेवलंय. यावर ते म्हणाले, मग चालते. मामालोकांनी तर काही विचारलंच नाही. दुपारपर्यंत ते मी सालोडले हाओ, आता नाचणगाव लागलं, असं बोलायला लागले होते. एकाने विचारलं, देवळी काऊन नाई लागली? मी म्हटलं, तुमची गाडी थेट आहे.

भावनाची थेट नव्हती. त्या दिवसापासून ती भर दुकानात मोकळेपणाने बोलायची. ताई, पार्सल देवळीतच हाय. ताई, देवळीचं गोदाम बंद झालं, उघडून देता का? मी उघडून द्यायची. तिकडे कोड जायचा, बाबूजी मोबाईल पाहायचे आणि खिशात टाकायचे. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला होता की तो समोर असता तर मी त्याचा खिसा उलटा केला असता. हो म्हण, नाही म्हण, पण काही बोल तरी.

शनिवारी मी दुसरं काही हातातच घेतलं नाही. चार वाजून गेले. शेवटच्या घाईतले मामा एकामागून एक येत होते. एकाला मी मधेच तोडलं, कारण समुद्रपूरचा नंबर वाजत होता.

"ताई," भावना म्हणाली, "देवळी."

एवढंच. कुलूप पडलं होतं. मी ते काढलं, म्हटलं, दाबा. फोन तिने कानावरून काढून काउंटरवर ठेवला असावा, स्पीकर चालू करून, कारण आता मला सगळं दुकान ऐकू येत होतं. कैचीचा आवाज. मग दुसऱ्या एका मोबाईलची छोटी टिणटिण. कैची थांबली. मी स्क्रीनवर त्या कोडची मिनिटं सरताना पाहत होते आणि माझ्या तोंडून शिवी निघायच्या बेतात होती.

"कोण बोलून राह्यलं?" म्हाताऱ्या आवाजाने अगदी जवळून विचारलं. त्यांनी मोबाईल उचलला होता.

मी काय सांगणार? म्हटलं, पार्सलवाली.

"मी हेमराज. तुमचं ते पार्सल किती दिवसाचं देवळीत पडून हाय, बाई. पण मी चाळीस वर्षं दुकान चालवलं. आमचा सारा माल हिंगणघाटून येते. देवळीचं पार्सल आमच्या दुकानात कधीच आलं नाई."

मी गप्प. मला गप्प बसणाऱ्यांचा राग येतो, पण मला दुसरं काही सुचेना.

ते पुढे बोलले ते माझ्याशी, पण आवाज दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाईल एवढा. "मेसेज मी पहिल्याच दिवशी वाचला. रोज वाचतो. पण सुनेनं तोंडानं सांगतल्याशिवाय मी कसा बोलू? मी हो म्हणलं असतं तर तिले वाटलं असतं, बुढा मले घरातून काढून राह्यला. म्हणून वाट पाह्यली."

तेव्हा माझा सगळा राग एकदम उफाळून आला आणि मी त्या परक्या म्हाताऱ्या माणसाला चक्क झापलं. म्हटलं, तुम्ही तिची वाट पाहताय, ती तुमची वाट पाहतेय, आणि तुमच्या दोघांच्या मधे माझा जीव टांगणीला लागलाय. पाच वाजत आले. कोड आहे ना समोर? ते म्हणाले, हाय, लिहा. मी म्हटलं, मला सांगून उपयोग नाही. तो दुकानाच्याच मोबाईलवर भरायचा आहे, म्हणजे आत्ता तुमच्या हातात आहे त्यावर. मोबाईल तिला द्या आणि आकडे तिला सांगा. तुम्हीच सांगा, तोंडाने.

मोबाईल हातातून हातात गेल्याचा आवाज आला. आणि मग हेमराजजींनी गिऱ्हाईकाला मीटर मोजून सांगावेत तसे एकेक आकडे सांगायला सुरुवात केली. पाच. शून्य. नाई, शून्य नाई, आठ हाय, थांब, चष्मा पुसतो. आठच. पुढं दोन. भावना प्रत्येक आकडा त्यांच्यामागून म्हणत होती. शेवटच्या आकड्याला तिचा आवाज फुटला. त्यांनी तो तिला परत सांगितला.

"नाचणगाव आलं, बाबूजी," ती म्हणाली. मला नाही, त्यांना.

अपेक्षांच्या पानावर तिने काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पाहता आलं असतं. पुलगावला मात्र ती पुन्हा थांबली. तिथे फोटो लागतो, आणि तिच्याकडे आधार कार्डावरचा होता. मी म्हटलं, तोच टाका, वेळ नाही. हेमराजजी म्हणाले, तो नको. "दिवाळीले दुकानासमोर पोरीनं काढला, तो टाक. त्यात हासून राह्यली तू."

तो दुकानाच्या मोबाईलमध्येच होता. शोधायला लागला तेवढा वेळ मी घड्याळाकडे पाहत नखं खात होते. एका मामाचा फोन मधे वाजत होता, तो वाजू दिला. मग तिने शेवटचं बटण दाबलं आणि माझ्या यादीत समुद्रपूरची एक ओळ वाढली. मी डोळे पुसले. राग आला की मला रडू येतं, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे.

"ताई," भावना म्हणाली, "आता वर काहीच लिहिलेलं नाई. कोठी आली मी?"

मी पाहिलं. नोंदणी झाल्यावर जे एक शेवटचं पान येतं, त्याच्या रूटला अश्विनने नाव दिलेलं नव्हतं, आणि सगळ्यांची बारशी करताना तेवढं एक माझ्याकडूनही राहून गेलं होतं. तिथे रिकामी जागा होती. एरवी मी अश्विनला फोन लावला असता.

"पोहोचलात," मी म्हटलं. "उतरा आता."